शाळेवर आपली नजर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी थोडा गंभीर विषय मांडणार आहे. आपली मुले दिवसाचे पाच-सहा तास शाळेत काढतात. तिथे ती सुखरूप राहावीत, ही काळजी कोणाची? गुरुजींची आणि जिल्हा परिषदेची, हे खरेच. पण ती आपलीही आहे, आणि आपल्या बीड जिल्ह्यात तर अंमळ अधिकच आहे.

शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये शाळेचे छत पावसात कोसळले आणि ३ मुले दगावली. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली, छप्पर पेटले, आणि ९४ मुले गेली. पुढे २०१३ साली, त्याच तारखेला, बिहारमधील एका खेड्यात शाळेतल्या जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली. या गोष्टी दैवावर ढकलून चालणार नाही. भिंतीची ओल, चुलीवरचे गवती छप्पर, अन्नाजवळ फवारणीचे औषध, हे धोके आधी डोळ्यांना दिसतात. घरात आपण ते एक दिवसही चालू देत नाही. मग शाळेत का चालू द्यावे?

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने ही नजर ठेवण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. पण नुसत्या सहीपुरते सभासद होऊन भागत नाही. वर्गात जावे, वर छताकडे पाहावे. पाण्याची टाकी कधी धुतली ते विचारावे. मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे का, विजेची तार उघडी आहे का, विहिरीला कठडा आहे का, हे पाहावे. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने अन्नाची चव घेतली का, हेही विचारावे. जे उणे दिसेल ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि त्याची नक्कल पंचायत समितीकडे पाठवावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण सांगते. कायद्याने नजर ठेवायला सांगितले ते पालकांना. पण दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. काही मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा तुटते. काही मागे राहतात, आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. म्हणजे मुलांना आधाराची सर्वांत गरज असते, नेमक्या त्याच महिन्यांत आई गावात नसते.

तेव्हा आई व्हायचे ते शेजारणीने, आपण सर्वांनी. वसतिगृहात संध्याकाळी एखादी चक्कर टाकावी. जेवण कसे आहे, रात्री मुलांजवळ मोठे माणूस कोण असते, ते पाहावे. एखादी मुलगी चार दिवस वर्गात दिसली नाही, तर घरी जाऊन विचारावे. पुष्कळदा आई-बाप तिच्या काळजीपोटीच तिचे लग्न उरकून टाकतात. ती गावात सुरक्षित आहे, असा भरवसा त्यांना आपण दिला, तर अठराच्या आत तिला बोहल्यावर चढवण्याचे कारण उरणार नाही. मूल संकटात दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि एखादे मूल कोणाच्या वाईट स्पर्शाबद्दल बोलू लागले, तर त्याला गप्प करू नये. त्याचे आधी पुरते ऐकून घ्यावे आणि लगेच पोलिसांत कळवावे.

या कामाला वर्गणी लागत नाही, थोडा वेळ लागतो. म्हणून माझी सूचना अशी की, मंडळाने दर महिन्याला दोन-दोन भगिनी नेमाव्यात. त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन यावे आणि पाहिलेले पुढच्या बैठकीत सांगावे. येत्या हंगामात गाव सोडताना आयांना एवढे वाटले पाहिजे, की माझ्या लेकराकडे पाहायला मागे कोणी आहे.