खाजणातली पाहुणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणी एखादी पाककृती सांगते, कोणी यात्रेची हकीकत वाचते. या खेपेस चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. गेली तीन वर्षे मी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून चिखलाच्या कडेला बसते, हे तुम्ही पाहिलेच आहे. 'हिला या वयात हे काय सुचले?' असे काहींनी विचारल्याचेही माझ्या कानावर आले आहे. त्याचे उत्तर आज देते.

आमच्याकडे सुट्टीत पाहुणे उतरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा सकाळी मी घावने टाकत होते. एक पाहुणे मागच्या दारातून आत आले आणि म्हणाले, "काकू, तुमच्या मागच्या पाण्यावर तुतवार आली आहे, पाहिलीत का?" मी बाहेर गेले. पाहते तर चिखलात एक मातकट रंगाचे पाखरू शेपटी खालीवर हलवीत चालले होते. तीस वर्षे मी त्याच जागी वाडीतला केरकचरा टाकीत आले. ते पाखरू शेकडो वेळा डोळ्यांपुढून गेले असेल, पण मी त्याला कधी नाव विचारले नव्हते.

मुलाचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता, तो मी काढला. पहिल्या महिन्यात मला फक्त चिखलाचे फोटो मिळाले! पाखरू चिखलाच्या रंगाचे, आणि मी त्याच्याकडे सरळ चालत जाणारी. ते काय थांबते?

हळूहळू शिकले. आपल्याकडे दिसणाऱ्या तुतवारींत तीन सहज भेटतात. साधी तुतवार वीतभर लांब आणि वजनाने जेमतेम ५० ग्रॅम. तिच्या खांद्यापाशी, पंख आणि छाती यांच्यामध्ये पांढरी पाचर असते, ती दिसली की ओळख पटली. उडाली की पाण्याला अगदी लगटून जाते आणि पंखांवर पांढरी रेघ दिसते. दुसरी ठिपकेवाली. पाठीवर ठिपके, डोळ्यावर पांढरी भुवई, पाय पिवळसर. तिसरी हिरवी तुतवार. नाव हिरवी असले तरी दिसते काळपट, पण उडताना कमरेवरचा पांढरा भाग चमकतो. म्हणून बसलेल्या पाखराचा फोटो घेतलाच, तर उडतानाचाही एक घ्यावा. कितीही पुसट आला तरी वाद मिटतो.

फोटोचे शास्त्र फार मोठे नाही. सूर्य पाठीशी ठेवावा, नाही तर पाण्याच्या चकाकीत पाखरू नुसते काळे येते. उभे राहू नये, खाली बसावे. पाखराच्या मागे जाऊ नये, ते जिकडे चरत येत असेल तिकडे आधीच जाऊन बसावे. आणि घड्याळापेक्षा पंचांग पाहावे. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशेब आपल्या कोळीणमावशींना पाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्याच्या दोन तास आधी जाऊन बसावे. पाणी चढते तसा चिखल आखडतो आणि पाखरे आपण होऊन आपल्याकडे येतात.

आता ही येते कोठून ते ऐका. साध्या तुतवारीची घरटी काश्मीर-लडाखपासून पार रशिया-युरोपपर्यंत नद्यांच्या काठी असतात. अंडी तिकडे, पिल्ले तिकडे. नारळी पौर्णिमेच्या आसपास ती आपल्याकडे दिसू लागते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास निघून जाते. म्हणजे सासर तिकडे आणि माहेर इकडे. आठ-नऊ महिने माहेरपण करणारी दुसरी लेक मला तरी ठाऊक नाही!

तिच्याच कुळातला एक मोठा पक्षी आहे, पाणटिवळा. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यातले एक जेमतेम पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून निघाले आणि ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानियात उतरले. वाटेत कोठे थांबले नाही. अंतर १३,५६० किलोमीटर! पाठीवर बसवलेल्या लहानशा यंत्रामुळे हे कळले. अशा प्रवासाला शिदोरी लागते. ती अंगात चरबीच्या रूपाने साठवायची, आणि साठवायची ती आपल्यासारख्यांच्या चिखलातले किडे, अळ्या, शिंपले खाऊन.

हे कळले तेव्हा मला माझीच लाज वाटली. एका हिवाळ्यात आक्षीच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी छोट्या पाखरांचा थवा वाळूवर विसावला होता. फोटो चांगला यावा म्हणून मी पाच-सहा वेळा पुढे सरकले आणि पाच-सहा वेळा थवा उडाला. दमूनभागून आलेल्या पाहुण्याला पाटावरून पाच-सहा वेळा उठवावे, तसेच हे झाले. घरी येऊन पाहिले तर सगळ्या फोटोंत पाठमोरी पाखरे. ते फोटो मी पुसून टाकले. तेव्हापासून नियम केला, पाखराने मान वर केली की आपण थांबायचे.

या छंदासाठी लांब जावे लागत नाही. डॉक्टर सालिम अली यांनी १९३० साली आपल्याच तालुक्यातील किहीमला राहून सुगरण पक्ष्याचे संसार पाहिले, आणि त्या निरीक्षणाने शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. सुगरणीची घरटी किहीमला काय आणि नागावला काय, आपण सर्वांनीच पाहिली होती. त्यांनी बसून पाहिली, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्ट. सभागृहामागच्या सखल जागेत भराव घालावा, असा ठराव आपण गेल्या बैठकीत केला. सुट्टीच्या दिवसांत तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतील, मंडळाला चार पैसे मिळतील, शिवणवर्गाची यंत्रे दुरुस्त होतील. ठरावावर माझीही सही आहे. त्या पाहुण्यांवर माझीही चूल चालते, तेव्हा मी कोणाला दोष देत नाही. पण सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या डबक्याशी बसले. एका सकाळी सात साध्या तुतवारी आणि दोन ठिपकेवाल्या मोजल्या. त्यांचे फोटो बाहेर फळ्यावर लावले आहेत, जाताना पाहावेत.

पाणथळ जागा राखाव्यात म्हणून १९७१ साली इराणमधील रामसर गावी देशोदेशींचा करार झाला. त्या यादीत आपल्या राज्यातील नांदूर मध्यमेश्वर आले, ठाण्याची खाडी २०२२ साली आली. आपले डबके कोणत्याही यादीत येणार नाही. ते राखायचे की बुजवायचे, हे ठरवणाऱ्या आपणच.

डासांचे काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते योग्यच आहे. मीही नातवंडांची आजी आहे. पण पाणी तुंबते ते मोरी बंद झाली म्हणून, आणि मोरी बंद झाली ती आपल्याच प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी. मी हात घालून पाहिले आहे. मोरी मोकळी झाली तर भरतीचे पाणी पूर्वीसारखे येईल आणि जाईल. डास अजिबात जातील असे वचन मी देत नाही. म्हणून माझी मागणी लहान आहे. या हंगामात भराव घालू नये. आपण सगळ्या मिळून मोरी साफ करू आणि होळीपर्यंत पाहू. गाड्यांचे म्हणाल, तर आमच्या वाडीच्या फाटकाजवळ सहा गाड्यांची जागा आहे. तिचे भाडे यंदा मंडळाच्या खात्यात जमा होईल, हे मी घरी विचारून आले आहे. होळीनंतरही तुम्हाला भराव हवा असेल, तर मी सही मागे घेणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी मोरीशी असेन. ज्यांना यायचे त्यांनी घमेले आणावे आणि जुने लुगडे नेसावे. काम झाल्यावर घावने माझ्याकडे.