सुख मिळते की घडते?



कळंबा म्हटले की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : तलाव आणि मध्यवर्ती कारागृह. तलावाकाठी सुखाचा विचार सहज सुचतो. कारागृहाच्या भिंतीपाशी त्याची कसोटी लागते.

सुखासाठी ग्रीकांचा शब्द 'युडायमोनिया'. 'यु' म्हणजे चांगले, 'डायमॉन' म्हणजे दैवत. ज्याचे दैव चांगले तो सुखी, असा त्याचा मूळ भाव. ॲरिस्टॉटलने (इ. स. पूर्व ३८४-३२२) दैवाचा वाटा नाकारला नाही, परंतु सुखाचे मर्म त्याने मनुष्याच्या कर्तृत्वात शोधले. सुख म्हणजे मनाची क्षणिक प्रसन्नता नव्हे, तर विवेकाने व सद्गुणाने आयुष्यभर केलेले आचरण होय. आपल्याकडील 'पुरुषार्थ' हा शब्द याच्या जवळ जातो. ऑलिंपिकचा मुकुट नुसत्या बलवान देहाला मिळत नाही, जो स्पर्धेत उतरतो त्यालाच मिळतो, असा दाखला त्याने दिला. खासबागेतील कुस्त्या पाहिलेल्यांना तो उलगडून सांगणे नको.

मग ज्याच्या हातून गुन्हा घडला, त्याचे काय? येथे ॲरिस्टॉटल कठोर आहे. हातून सुटलेला दगड परत येत नाही. केवळ इच्छेने दुर्जन सज्जन होत नाही, असे तो बजावतो. परंतु स्वभाव सवयीने घडतो, हेही त्याचेच सांगणे. सवयीने बिघडलेले सवयीनेच सुधारेल काय?

या प्रश्नाला महाराष्ट्राने कृतीने उत्तर दिले. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३९ साली 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. त्यामागे राजे भवानराव पंतप्रतिनिधी होते आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन होते. तेथे कैद्यांच्या हाती शेती आली आणि त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. कोल्हापूरचे सुपुत्र व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती.

सद्गुणाला साधने लागतात आणि मित्रही लागतात, हे ॲरिस्टॉटलने मान्य केले होते. शिक्षा भोगून कळंब्याच्या दरवाज्यातून बाहेर पडणाऱ्याजवळ बहुधा दोन्ही नसतात. त्याला काम कोण देणार, त्याच्या मुलांना आपल्या अंगणात खेळू कोण देणार? त्याचे सुख त्याच्या आचरणातून घडेल हे खरे. परंतु त्या आचरणाला जागा देणे समाजाच्या हाती आहे.