लांब फळीचं दुसरं टोक

थिकनेसरमधून फळी काढली की टोकाला दोन-तीन इंचांत जास्त लाकूड खाल्लं जातं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पाती बदलूनही ते जात नाही, कारण दोष बहुतेक वेळा पात्यांत नसतो. फळीच्या वजनात असतो.

हिशेब बघा. 8 फूट लांब, 8 इंच रुंद, दीड इंच जाड फळी. वाळलेला सागवान घनमीटरला साधारण 650 किलो धरला तर ही 12 किलोच्या आसपास भरते. मशीनमध्ये दोन रोलर आणि मधे पात्यांचा ड्रम. फळीचं शेपूट आतल्या बाजूच्या रोलरमधून सुटलं की तिला फक्त बाहेरचा रोलर धरून असतो, आणि पलीकडे सात-साडेसात फूट लोंबतंय. झाला सी-सॉ! लोंबतं टोक खाली, शेपूट वर, थेट पात्यात. फळी आत जाताना हेच उलट बाजूने होतं.

म्हणून दोन्ही बाजूंना आधार हवा, आणि त्याचं लांबचं टोक बेडपेक्षा नाण्याच्या जाडीइतकं वर. ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी बेडवर ठेवून तपासा. रोलर स्टँड मला फारसा आवडत नाही. तो जरा तिरका बसला की फळीला बाजूला ओढतो. त्यापेक्षा दोन घोड्या आणि वर सनमायका लावलेली प्लायची पट्टी, तिच्यावर थोडं मेण. पुढची कड उताराची करा, नाहीतर फळीचं टोक तिथेच अडतं.

जॉइंटरला मात्र हे उचलणं चालत नाही. तिथे फळी सरळ होते ती बाहेरच्या टेबलाच्या भरवशावर. आधार त्या टेबलापेक्षा वर असेल तर फळी टेबलावरून उचलली जाते आणि सरळ करायला घेतलेली फळी वाकडीच राहते. तिथे आधार टेबलाच्या पातळीत किंवा केसभर खाली.

आता जागेचं. 8 फुटी फळीला मशीनच्या अलीकडे 8 आणि पलीकडे 8 फूट लागतात. 12 फुटी खोलीत ते कुठून आणणार? मशीन दाराच्या रेषेत लावा, हा एक मार्ग. पण आधी विचारा, इतकी लांब फळी हवीच कशाला? खुर्चीचे पाय करायचे असतील तर दोन-दोन इंच जास्त ठेवून तुकडे आधी कापा, रंधा नंतर. यात गणितही आपल्या बाजूने आहे: बाक लांबीच्या वर्गाने बदलतो. अख्ख्या फळीला एकसारखा 8 सूत बाक असेल तर अर्ध्या तुकड्याला फक्त 2 सूत. तेवढा सागवान भुशात जायचा वाचला.

टेबल सॉवर समोर कुणाला उभं केलंत तर त्याला आधी सांगा: हात फक्त खालून, तळवा उघडा. ओढायचं नाही, उचलायचं नाही. दिशा ढकलणाऱ्याने ठरवायची. समोरच्याने तिरकं ओढलं की लाकूड पात्याच्या मागच्या दातांवर दाबलं जातं, आणि ते दात वर येताना फळी उचलून ढकलणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात.