उन्हाळ्याची सुटी आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस मुलांच्या शिक्षणावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. शाळेतील शिक्षणाविषयी आम्ही जन्मभर बोलत आलो. आज शाळेला कुलूप असते त्या दिवसांतील शिक्षणाविषयी बोलावे, असे योजले आहे. परीक्षा संपली की मूल दीड-दोन महिने आईबापांच्या स्वाधीन असते. हा काळ कसा जातो, याचा विचार किती घरांत होतो?

साधारण चित्र असे दिसते. ज्यांना ऐपत आहे ते महाबळेश्वर किंवा पचमढी गाठतात. ज्यांना ती नाही त्यांची मुले कूलरपुढे मोबाइल घेऊन पडून राहतात. इकडे मुंबई-पुण्याची माणसे आगाऊ पैसे भरून आपल्या जिल्ह्यातील वाघ पाहावयास येतात, आणि आपल्या मुलांना ऐन कोणता नि अर्जुन कोणता हे सांगता येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कोणी म्हणतील, "गुरुजी, चंद्रपूरच्या उन्हात मुले बाहेर काढावयाची काय?" शंका रास्त आहे. पारा सत्तेचाळीस अंशांच्या वर चढल्याच्या नोंदी या शहरात आहेत. म्हणून पहिला नियम वेळेचा. पहाटे अंधार फिटताच निघावे आणि नऊच्या आत सावलीत परतावे. दुपार झोपेला, गोष्टींना, बैठ्या खेळांना द्यावी. डोक्याला ओला दुपट्टा, बरोबर पाणी आणि मीठ-गूळ घातलेले कैरीचे पन्हे असावे. आपल्याकडे खिशात कांदा ठेवण्याची रीत आहे. तो खुशाल ठेवावा. पण कांदा खिशात आहे म्हणून पाण्याची बाटली घरी ठेवू नये.

आता जावे कोठे? चंद्रपुरात राहणाऱ्यांनी प्रथम आपल्याच शहराभोवती फिरावे. गोंड राजांचा परकोट हा आमच्या मते मुलांसाठी इतिहासाचे उत्तम पुस्तक आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे व शिवाय पाच खिडक्या आहेत. झाडाझुडपांत बुडालेला हा कोट इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ सालापासून श्रमदानाने मोकळा करावयास घेतला, हे मुलांस अवश्य सांगावे. कारण पूर्वजांनी बांधले ते राखण्याचे काम आजचे आहे, हा धडा त्यात आहे. एका रविवारी एक दरवाजा याप्रमाणे महिनाभरात कोट पुरा होतो. खर्च काही नाही. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने पती बीरशहा यांच्या स्मरणार्थ बांधविलेली समाधी आहे. ताजमहालाचे चित्र मुलांनी वहीत चिकटविलेले असते. राजाने राणीसाठी बांधले ते त्यांस ठाऊक, राणीने राजासाठी बांधले ते मात्र घराजवळ असून ठाऊक नाही.

खेड्यात राहणाऱ्यांना तर त्याहून सोपे. झाडीपट्टीत गावोगाव मामा तलाव आहेत. पाळीवर बसून तासभर पाखरे मोजावीत, त्यांची नावे आजोबांना विचारावीत आणि वहीत टिपावीत. उन्हाळ्यात पाणी आटते तसतशी पाखरे उरल्या पाण्याभोवती गोळा होतात. लहान मुलांना ओळखावयास हाच काळ सोयीचा. नागभीड तालुक्यात इंग्रजी अमदानीत डोंगरांच्या मध्ये बांध घालून केलेला घोडाझरी तलाव आहे. भोवतालचे रान २०१८ साली अभयारण्य झाले. सहकुटुंब एक दिवस घालविण्यास ते स्थान उत्तम आहे.

मात्र पाणी म्हटले की दुसरा नियम येतो. ज्याला पोहता येते असा प्रौढ माणूस मुलांच्या खालच्या अंगास उभा असल्यावाचून एकानेही पाण्यात उतरू नये. वैनगंगा उन्हाळ्यात गुडघाभर दिसते, पण रेतीखाली डोह कोठे आहे हे वरून कळत नाही. सुटीत बुडालेल्या पोरांच्या बातम्या दर वर्षी वाचावयास मिळतात, आणि त्यांत बहुतेक वेळा सोबत मोठे माणूस नव्हते असेच असते.

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे महाशिवरात्रीच्या यात्रेला आपण जातोच. परंतु त्या गर्दीत देवाचे दर्शन होते, देवळाचे होत नाही. वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते. उन्हाळ्याच्या सकाळी, गर्दी नसताना मुलांना न्यावे आणि भिंतींवरील मूर्तींत हत्ती किती, वाद्ये कोणती, दागिने कसे हे त्यांस शोधावयास लावावे. आम्ही वर्गाच्या सहलीत हेच करीत असू. पाठ्यपुस्तकाला जांभई देणारा मुलगा तेथे तासभर मान वर करून उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे.

आलापल्लीचे वनवैभव, जे २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले, आणि सिरोंचाकडे वडधम येथील दगड झालेली झाडे हीही पाहण्याजोगी आहेत. पण वाट लांबची आणि ऊन कडक. ती दिवाळीच्या सुटीसाठी राखून ठेवावी.

आता रानाविषयी. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. महाराष्ट्रातील ते पहिले. ज्यांना जिप्सीचा खर्च झेपतो त्यांनी मुलांना अवश्य दाखवावे, आणि वाघ दिसला नाही तर मुलापुढे पैशांचा हिशेब मांडू नये. ज्या तारू वीराच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, त्याची कथा सांगावी. मुंगीचे वारूळ, अस्वलाने ओरबाडलेले खोड, सांबराचा खूर हेही पाहणेच आहे.

परंतु तिसरा नियम सर्वांत कडक आहे. पहाटेची वेळ आम्ही सांगितली ती कोट, देऊळ आणि उघड्या पाळीसाठी. रानात त्या वेळी, वनखात्याच्या माणसावाचून, मुलांना घेऊन पाऊल टाकू नये. पहाट ही वाघाचीही फिरण्याची वेळ आहे, आणि वाकून काही वेचणारे माणूस त्याला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाला बळी पडल्या. चैत्रात मोहफुले आणि वैशाखात पाने वेचण्यासाठी हजारो कुटुंबे रानात जातात ती हौसेने नव्हे, पोटासाठी. आपण जेथे मौजेसाठी जातो तेथे दुसऱ्याची भाकरी आणि दुसऱ्याचा जीव आहे, ही जाणीव मुलाला झाली तर त्या सहलीचे सार्थक झाले असे आम्ही समजतो. बाजारात चारे आणि टेंभरे विकावयास बसलेल्या बाईशी मग ते मूल दोन रुपयांसाठी घासाघीस करणार नाही.

एक गोष्ट आपल्या विणकर समाजाची म्हणून सांगतो. आरमोरी, नागभीडकडील कोशाचे कापड एके काळी आपल्या हातमागांवर होत असे, आणि कोणाकोणाकडे अजून होते. तो कोसा येतो कोठून? ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर पावसाळ्यात ढिवर बांधव किडे पोसतात, पाखरांपासून दिवसभर राखतात, तेव्हा कोश हाती येतो. मुलांना गावाच्या शिवेवरचा ऐन दाखवावा. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते, एकदा पाहिली की विसरत नाही. घरच्या पेटीतले आजीचे कोशाचे पातळ काढून त्या झाडाची गोष्ट सांगावी. आपला धंदा, ढिवरांचे कष्ट आणि रान हे एकाच धाग्यात कसे गुंफलेले होते हे पुस्तकाशिवाय समजेल.

आता मंडळापुढे आमची सूचना. सहल म्हटली की आपल्या घरांत मुलगे पुढे असतात, मुली पाणी भरावयास मागे राहतात आणि आई चुलीशी. तेथे जाऊनही ती चूलच मांडते. आणि ज्याच्या घरी भाड्याचे पैसे नाहीत त्याचे मूल "मला नाही यायचे" असे स्वतःच सांगते. शिक्षकाला हे उत्तर फार चांगले ओळखता येते.

म्हणून दर वर्षी चैत्रात मंडळाने एक दिवसाची सहकुटुंब सहल काढावी. पहिल्या वर्षी मार्कंडा, दुसऱ्या वर्षी घोडाझरी. बसमध्ये जितके मुलगे तितक्याच मुली असाव्यात. शिदोरी प्रत्येकाने आदल्या रात्री बांधावी. चूल व भांडी नेऊ नयेत. उन्हाळ्यात पाचोळा कोरडा ठणठणीत असतो, एका ठिणगीने वणवा लागतो. चूल नसली म्हणजे रान वाचते आणि आपल्या भगिनींचा तो दिवस त्यांचा राहतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या मुलाबरोबर आणखी एका मुलाचे भाडे द्यावे. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापण्याचा प्रघात आहे. या एका कामापुरता तो मोडावा, म्हणजे कोणाचे भाडे कोणी दिले हे त्या मुलांस कळणार नाही.

बंधुभगिनींनो, मुलांना आपण घर देतो, शेत देतो, जमले तर पदवी देतो. ज्या मातीत ते वाढले तिची ओळख मात्र देत नाही, आणि पुढे ती नोकरीसाठी दूर गेली की परत येत नाहीत म्हणून खंत करतो. ज्याची ओळखच झाली नाही त्याची ओढ कशी लागणार? एका चैत्रातल्या चार सकाळी मुलांसाठी काढा, एवढेच आमचे मागणे आहे. मागच्या सतरंजीवरील बालमित्रांना आता खेळावयास सोडावे अशी अध्यक्षमहाशयांस विनंती करून आमचे भाषण संपवितो.