चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चहा यायला वीस मिनिटं आहेत असं सेक्रेटरींनी आत्ताच कानात सांगितलं, तेवढ्यात आवरतो. विषय माझ्या नोकरीतला आहे. जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेत मी कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरचं वायफाय बसलं की हाक मलाच येते!

संस्थेचा 'कोअर स्विच' म्हणजे आपली वसंत टेकडी समजा. मुळा धरणाचं पाणी विळदवरून टेकडीवर येतं आणि तिथून शहरात फिरतं. आपल्या गच्चीवरची टाकी गळली तर एक सोसायटी कोरडी. टेकडीवर बिघाड झाला तर सगळं नगर (तोंडात अजून नगरच येतं, अहिल्यानगर म्हणायची सवय होतेय) हंडे घेऊन उभं. इमारतीतले छोटे स्विच या टाक्या, आणि राउटर म्हणजे धरणाकडून येणारी मोठी लाइन, म्हणजे आपलं इंटरनेट.

आमचा कोअर स्विच पंधरा वर्षांचा झाला होता. दरवर्षी मी बदलायचा प्रस्ताव द्यायचो आणि उत्तर ठरलेलं: "चालतंय ना, मग कशाला?" खरं सांगू, मलाही ते पटायचं. यंत्र दणकट होतं. आत दोन पॉवर सप्लाय, एक गेला तर दुसरा सांभाळून घेणार. परीक्षेचे फॉर्म भरायला तीन दिवस उरलेले असताना एका सकाळी सगळंच बंद पडलं. बघतो तर दुसरा सप्लाय कधीचाच गेलेला. त्याचा दिवा विझला होता, पण त्या खोलीत डोकावलंय कोण? चूक माझीच. ते मॉडेल बाजारातून केव्हाच गेलं होतं, सुटा भाग मिळेना. शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात एक सापडला आणि आमचा सहकारी रात्रीच्या एसटीने तो मांडीवर घेऊन आला. तोवर मुलं व्हरांड्यात बसून. पाथर्डीकडून आलेली एक मुलगी म्हणाली, "सर, उद्या परत यायला भाड्याचे पैसे नाहीत." ते अजून कानात आहे.

मग पैसे लगेच मंजूर झाले! तीन कोटेशनं आली. विकणारा प्रत्येक जण वेगाचंच बोलत होता. मी म्हटलं, थांबा, आधी मोजू. महिनाभर मोजलं, तर निकालाच्या दिवशी ऐन गर्दीतही जुन्या यंत्राची दहावा हिस्सा ताकदसुद्धा लागत नव्हती. मग एका अवाढव्य यंत्राऐवजी मध्यम आकाराची दोन घेतली आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवली. एक पडलं तर दुसऱ्यावर सगळं चालावं.

सगळ्यांत जास्त डोकं खाल्लं ते जमिनीतल्या केबलने. आमची फायबर जुनी, ६२.५ मायक्रॉनची मल्टिमोड. एक गिगाबिट तिच्यावरून दोनशे मीटर आरामात जातं. पण दहा गिगाबिटचं नेहमीचं मॉड्यूल लावलं की तेहतीस मीटरच्या पुढे भरवसा नाही, आणि आमचं ग्रंथालय दीडशे मीटरवर! सिंगलमोड फायबर टाकली तर योग्य मॉड्यूलने तेच दहा गिगाबिट दहा किलोमीटर जातं. ही खोदाई एकाही कोटेशनमध्ये नव्हती. विचारलं नसतं तर नव्या यंत्राला जुन्याच वेगाने चालवावं लागलं असतं.

सगळ्यांत स्वस्त कोटेशनची गंमत ऐका. त्या मॉडेलची विक्री बंद होणार हे आधीच जाहीर झालं होतं. सिस्कोसारखी कंपनी विक्री थांबल्यावर साधारण पाच वर्षं आधार देते, पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाहीत. वर दरवर्षीचं लायसन्स वेगळं. सात वर्षांची बेरीज मांडली तेव्हा तेच सगळ्यांत महाग निघालं.

राउटरचं उलटं झालं. १२ ऑगस्ट २०१४ ला जगभरच्या इंटरनेटच्या रस्त्यांची यादी ५ लाख १२ हजारांवर गेली आणि तेवढ्याच नोंदींची जागा असलेले जुने राउटर ठिकठिकाणी अडखळले. बिघाड काही नव्हता, यादी मावेना. ही भीती दाखवून आम्हाला भला मोठा राउटर विकायला निघाले होते. पण आमच्याएवढ्या संस्थेला ती अख्खी यादी ठेवावीच लागत नाही. छोटा घेतला. विकणारा नाराज झाला, होऊ दे.

बदल शनिवारी रात्री केला. जुनं यंत्र पंधरा दिवस तिथेच ठेवलं, वायरींना चिठ्ठ्या लावून. फसलं तर तासाभरात मागे जाता यावं म्हणून.

आता आपल्या जिन्याखालच्या पेटीकडे या. गेटचे कॅमेरे आणि इंटरकॉम ज्यावर चालतात तो स्विच पहिल्या कॅमेऱ्यांबरोबरचा आहे. तो इतका तापतो, की वॉचमनमामा थंडीत त्यावर डबा गरम ठेवतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्याचं कोटेशन येतंय. मी ते फुकट वाचून देईन, पण यंत्राच्या किमतीखालच्या ओळीही सभेत मोठ्याने वाचायच्या, ही माझी अट. आणि जुना स्विच भंगारवाल्याला किलोवर द्यायचा नाही, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यायचा.

डबा मात्र आजपासूनच दुसरीकडे ठेवायला सांगितलंय. चहा आला वाटतं.