गोडी आणि ओढ



डोपामाइन हे नाव आता घराघरांत पोहोचले आहे. परंतु त्याला ‘सुखाचे रसायन’ म्हणण्याची जी रूढी पडली आहे, तिच्याशी आमचे भांडण आहे.

स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग येथे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. तोंडात अवचित फळाच्या रसाचा थेंब पडला, की माकडाच्या मेंदूतील डोपामाइनच्या पेशी एकदम चेतत. पुढे रसाच्या आधी खुणेचा दिवा लावण्याचा क्रम ठेवला. तो क्रम माकडाला उमगल्यावर पेशी दिवा पाहूनच चेतू लागल्या. प्रत्यक्ष रसाचे त्यांना काहीच वाटेनासे झाले. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर रसाच्या नेमक्या वेळी त्या गप्प होत! शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ साली याचा उलगडा मांडला. या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्राप्ती यांतले अंतर मोजतात, आणि त्या अंतरावरून मेंदू शिकतो. ठरलेला पगार ठरल्या तारखेस हाती आला म्हणून कोण नाचतो?

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांचा प्रयोग तर याहून बोलका. उंदरांच्या मेंदूतील जवळजवळ सर्व डोपामाइन नष्ट केले, तेव्हा ते समोरच्या अन्नाला तोंड लावीनात. पण साखरेचे पाणी तोंडात घालताच पूर्वीसारखेच मिटक्या मारीत. गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. कंपवातात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी झिजतात. त्यावर डोपामाइनची नक्कल करणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधे देतात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. जन्मात पत्त्यांना न शिवलेला गृहस्थ साठीनंतर आकडा लावू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. औषध कमी केले वा बदलले, की पुष्कळदा हा नाद ओसरतो. अशा माणसाला नीतीचे पाठ देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. औषध आपल्या मनाने बंद करणे मात्र धोक्याचे. ते डॉक्टरांनीच ठरवावे. रुग्ण लाजेपोटी बोलत नाही, म्हणून तपासणीला घरच्या कोणीतरी बरोबर जावे. पैसे कुठे गेले, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते.