‘सिन्स’ की ‘फॉर’?

आळंदी परिसरातल्या विद्यार्थी मित्रांनो, 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी दहावीची हुशार मुलंही एका जागी हमखास अडखळतात. ‘मी दोन तासांपासून चाकणच्या बसची वाट बघतोय’ याचं इंग्रजी करताना ती ‘सिन्स टू अवर्स’ लिहितात. यात बुद्धीचा दोष नाही. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’, दोन्हीकडे ‘पासून’ चालतं. इंग्रजीला मात्र वेगळं सांगावं लागतं: सुरुवात कधी झाली, की वेळ किती गेला? सुरुवातीसाठी ‘सिन्स मंडे’, गेलेल्या वेळासाठी ‘फॉर टू अवर्स’. क्रियापदही सांभाळा. ‘बघतोय’ म्हणून ‘आय ॲम वेटिंग’ लिहावंसं वाटतं. पण वाट बघणं मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’.

‘डिड ही वेन्ट’ ही चूकही फार दिसते. भूतकाळ ‘डिड’ने एकदा दाखवला की पुढे मूळ रूपच, ‘गो’.

नेमकं साल दिलं असेल, तर साधा भूतकाळ वापरा. ज्ञानेश्वर माउलींनी 1296 मध्ये समाधी घेतली, इथे ‘टुक’ हवं. ‘हॅज टेकन’ चुकीचं. आणि गावाच्या नावाआधी ‘द’ नको, नदीच्या नावाआधी हवा: ‘आळंदी स्टँड्स ऑन द इंद्रायणी’.